आठवणींच्या वस्तूंना कात्री लावायला हरकत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घर कसं आवरावं, पसारा कसा कमी करावा यावर हल्ली पेपरात आणि पुरवण्यांत खूप छापून येतं, तुमच्याकडेही येतं आणि मी ते आवडीने वाचते. वर्षभर न घातलेला कपडा काढून टाका, एक नवी वस्तू आली की एक जुनी बाहेर काढा, हे सगळं पटतं आणि उपयोगीही पडतं. पण बहुतेक लेखांत शेवटी एक ओळ असते, की आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी आवरायला घ्या, आणि तिथेच लेख संपतो! अहो खरी अडचण तर तिथूनच सुरू होते ना. जुना डबा टाकायला कोणाला सल्ला लागतो? गेलेल्या माणसाचा शर्ट, मोडलेल्या नात्यातली पत्रं, जन्माला न आलेल्या बाळासाठी घेतलेली टोपी, ज्या खेळावर किंवा करिअरवर पाणी सोडलं त्यातले बिल्ले आणि सर्टिफिकेटं, यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय पण जमलं तर पूर्ण छापा.

मला सांगायचंय ते एवढंच की ठेवायचं की टाकायचं असे दोनच रस्ते नसतात. त्या वस्तूचं काहीतरी दुसरं करता येतं, कोलाज, गोधडी, हाताने केलेला कागद, खोक्यात मांडलेलं एखादं दृश्य, काहीही, आणि ते करता करता माणूस खरंच मोकळा होतो. पण त्याला एक अट आहे, वस्तूला कात्री लावायची तयारी पाहिजे. नुसती काचेत बसवली, लॅमिनेट केली, वरून रेझिन, म्हणजे घट्ट होणारा काचेसारखा द्रव, ओतून पेपरवेट केला तर ते जतन झालं, सोडणं नाही झालं. जतन करण्यात वाईट काहीच नाही, पण ही दोन कामं वेगळी आहेत आणि लोकांचा गोंधळ नेमका इथे होतो असं माझं मत आहे.

माझ्या बाबांच्या शर्टाचं सांगते. बाबा गेल्यावर त्यांचे शर्ट कपाटात तसेच राहिले होते, हात लावायचा धीर होत नव्हता आणि कोणाला देऊन टाकायचं म्हटलं की पोटात कालवायचं. मग एक दिवस त्यातला आकाशी शर्ट घेतला आणि उसवायला बसले. फाडला नाही, सुरुवातीला कापलाही नाही, शिवण उसवायचं छोटं हत्यार मिळतं ना त्याने एकेक टाका काढत गेले. उसवायला घेतलं की माणसाचा कपडा नीट बघितला जातो, घडी करून ठेवलेला असताना कधी बघितला जात नाही. कॉलर उलटी केली तर मानेजवळचं कापड झिजून जाळी झालेली. खिशाच्या तळाला बॉलपेनचा डाग, इतक्या वेळा धुतलाय की जांभळट झालाय. उजव्या कफाची कड डाव्यापेक्षा जास्त विरलेली, कारण लिहिताना तोच हात टेबलावर घासायचा. आणि शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीत, जिथे ऊन आणि साबण कधी पोचलाच नाही, तिथे मूळचा रंग जसाच्या तसा, चांगला गडद निळा. घरात सगळे त्याला आकाशी शर्ट म्हणायचे. तो विकत घेतला तेव्हा बाबा जेवढे तरुण होते तेवढा तो निळा होता, मी त्या वयातले बाबा कधी बघितलेच नाहीत, आणि ती बोटभर रुंदीची पट्टी हातात धरून मी किती वेळ बसले मला माहीत नाही.

त्या पट्ट्या मी वेगळ्या काढल्या, विटलेल्या कापडावर एकाखाली एक लावल्या, मध्ये तो डागवाला खिसा, एका कोपऱ्यात कॉलरची जाळी, आणि साध्या धावदोऱ्याने सगळं शिवून भिंतीवर लावायचा एक तुकडा केला. उरलेल्या कापडाची फडकी झाली, ती वापरली आणि फाटल्यावर टाकली. बाकीचे शर्ट मी स्वतः इस्त्री करून देऊन टाकले आणि देताना बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

असं का होतं यावर मी पुष्कळ विचार केलाय. शर्ट आख्खा असतो तोपर्यंत तो बाबांचाच असतो, मी फक्त राखणदार. राखणदाराला काही ठरवता येत नाही, त्याने नुसतं सांभाळायचं असतं आणि सांभाळण्याला शेवट नसतो. एकदा खिसा वेगळा झाला की तो माझ्या हातातलं सामान होतो आणि मग डोक्यात प्रश्नच वेगळे येतात, हा तुकडा डावीकडे घेऊ का, टाका दिसू दे का लपवू, डाग वर ठेवू का आत घालू. रडू तेव्हाही येतं, पण सुई चालू असते. आणि मुख्य म्हणजे निवड करावी लागते. सगळंच ठेवता येत नाही, हा तुकडा राहणार आणि हा जाणार हे प्रत्येक वेळी आपल्याच हाताने ठरतं. सोडून दे, मागचं विसर असं लोक सांगतात तेव्हा ते एकदम सगळं सोडायला सांगतात, ते कोणाला जमत नाही. कापड हातात असलं की थोडं थोडं सोडता येतं.

यात मी काही नवीन शोध लावलेला नाही, हे आधी फार मोठ्या लोकांनी आणि अगदी साध्या लोकांनीही केलंय. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे, तिथल्या बायकांच्या गोधड्या आज मोठमोठ्या म्युझियममध्ये लागतात. १९४२ साली तिथल्या मिसूरी पेटवे या बाईचा नवरा गेला, तेव्हा तिने मुलीला मदतीला घेऊन त्याचे कामावरचे कपडे कापले आणि गोधडी शिवली, म्हणजे आठवणही राहील आणि अंगावरही घेता येईल. म्युझियम वगैरे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या गोधडीत विटलेले भाग आणि डाग तसेच ठेवलेत, नवीन कापडाने झाकले नाहीत, आणि मला वाटतं तिची ताकद त्यातच आहे.

दुसरं उदाहरण लुईझ बुर्ज्वा या शिल्पकार बाईंचं. घरचा व्यवसाय जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेली भिंतचित्रं, दुरुस्त करण्याचा, त्यामुळे फाटलेलं जोडणं लहानपणापासून डोळ्यांसमोर. १९३८ मध्ये लग्न झालं तेव्हाचे, नावाची अक्षरं भरलेले लिननचे रुमाल त्यांनी आयुष्यभर जपून ठेवले, आणि २००२ साली, वयाची नव्वदी गाठल्यावर, त्याच रुमालांची पानं करून एक कापडी पुस्तक केलं, पानांवर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून. साठ वर्षांहून जास्त काळ सांभाळलं आणि मग वापरलं. मला यातला थांबण्याचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वस्तू आणि माणूस दोघंही तयार व्हावे लागतात, तोपर्यंत ती कपाटात पडून राहिली तर राहू दे, तिथे पसारा कमी करण्याच्या नियमांनी घाई करू नये.

आता कोणी म्हणेल की कात्रीशिवाय होतच नाही का? होतं. चीनमधले कलाकार सोंग दोंग यांचे वडील २००२ मध्ये गेले आणि आई, झाओ शियांगयुआन, दुःखाने पार कोसळल्या. आधीपासून टंचाईच्या दिवसांत वाढलेल्या, त्यामुळे काहीही न टाकण्याची सवय, ती नवरा गेल्यावर इतकी वाढली की घर रिकाम्या बाटल्या, टूथपेस्टच्या ट्यूब, साबण, कपडे, पिशव्या यांनी भरून गेलं. मुलगा आवरायला गेला की भांडण. मग त्याने आईलाच सोबत घेतलं आणि २००५ मध्ये बीजिंगला त्या सगळ्या वस्तू, दहा हजारांच्या वर, रांगेत नीट मांडून प्रदर्शन केलं. मांडायचं काम आईने केलं, येणाऱ्या लोकांशी आई बोलायच्या, ही बाटली कुठली, हे कापड कधीचं. वर निऑनच्या अक्षरांत गेलेल्या वडिलांना उद्देशून लिहिलं होतं की बाबा काळजी करू नका, आई आणि आम्ही सगळे ठीक आहोत. पुढे २००९ मध्ये हेच न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये लागलं. यात कापलं काही नाही, पण वस्तू घरातून उठल्या, उजेडात आल्या, त्यांची जुनी जागा सुटली आणि आईला त्यांच्याबद्दल बोलायला माणसं मिळाली. म्हणजे कात्री लोखंडाचीच पाहिजे असं नाही, पण वस्तू होती तिथून हलली पाहिजे आणि होती तशी राहता कामा नये.

क्रोएशियात झाग्रेबला तर तुटलेल्या नात्यांचं म्युझियमच आहे. ओलिंका विश्तित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच हे जोडपं वेगळं झालं तेव्हा दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंचं काय करायचं या प्रश्नातून २००६ साली प्रदर्शन सुरू झालं, जगभर फिरलं आणि २०१० पासून कायमचं म्युझियम झालं. लोक वस्तू पाठवतात आणि सोबत गोष्ट लिहून देतात. बर्लिनहून आलेली एक कुऱ्हाड आहे तिथे, सोडून गेलेल्या जोडीदाराचं फर्निचर त्या कुऱ्हाडीने रोज एकेक करून फोडलं होतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण मला त्यातली शेवटची पायरी आवडते, की ती कुऱ्हाड घरात न ठेवता चार ओळी लिहून दुसऱ्यांच्या हवाली केली. तिथे वस्तूत बदल करत नाहीत, त्या चार ओळी लिहिणं हीच तिथली कलाकुसर, आणि ज्यांना शिवणं चिकटवणं जमत नाही त्यांच्यासाठी हा रस्ता चांगला आहे.

मायकेल लँडी या ब्रिटिश कलाकाराने २००१ मध्ये लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःच्या सगळ्याच्या सगळ्या ७२२७ वस्तूंची यादी करून त्या लोकांसमोर मोडून टाकल्या, पासपोर्ट, गाडी आणि वडिलांचा कोटसुद्धा. त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण दुःखात असलेल्या माणसाला मी हे कधीच सुचवणार नाही.

त्यापेक्षा एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मृतीतली ती प्रचंड गोधडी बघा. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सुरू झाली, प्रत्येक माणसासाठी ३ बाय ६ फुटांचा एक तुकडा, साधारण कबरीएवढा. तेव्हा या आजाराची इतकी भीती आणि इतकी लाज होती की कित्येकांचे अंत्यसंस्कारही धड झाले नाहीत, अशा वेळी आई, मित्र, जोडीदार यांनी जीन्स, टाय, खेळण्यातली अस्वलं, फोटो असं जे हाती होतं ते शिवून त्यावर नाव घातलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १९२० तुकडे होते, आज सुमारे ५० हजार आहेत. त्यातले बहुतेक लोक कलाकार नव्हते, कोणी आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली असेल. म्हणून "मला चित्र काढता येत नाही" ही सबब मला पटत नाही. हात सफाईदार नसला तरी चालतं, निवड मनापासून केलेली असली म्हणजे झालं.

आता थोडं कामाचं, कारण उत्साहात वस्तू हातची जाते आणि मग वाईट वाटतं. मूळ फोटो कधी कापू नका किंवा चिकटवू नका, स्कॅन करून प्रिंट काढा आणि त्या प्रिंटशी काय करायचं ते करा. सिनेमाची, प्रवासाची हल्लीची तिकिटं आणि पावत्या बऱ्याचदा उष्णतेने छापतात त्या कागदाच्या असतात, ती आपोआप फिकी होत जातात आणि लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातली तर अख्खी काळी पडतात, त्यामुळे आधी फोटोकॉपी. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. कागद चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ चांगली, पुढे कधी सोडवायची झाली तर पाण्याने सुटते. खालचा कागद आम्लविरहित घ्या, साधा पुठ्ठा पिवळा पडतो आणि वरच्यालाही पिवळं करतो. टी-शर्टचं कापड ताणतं, त्याला मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावल्याशिवाय कापू नका.

पत्रांचं मात्र वेगळं आहे. माझी एक मैत्रीण बरीच वर्षं एका माणसाची पत्रं सांभाळून होती, वाचायची नाही आणि टाकायचीही नाही. जाळण्यात तिला राग दिसत होता आणि राग आता उरला नव्हता. मग आम्ही दोघींनी मिळून त्यांचा कागद केला. पत्रं बारीक फाडून रात्रभर पाण्यात भिजत ठेवली, सकाळी पाणी फिकट निळं झालेलं, फाउंटन पेनची शाई सुटली होती. मिक्सरमधून काढून लगदा केला, जाळीवर पातळ पसरला, फडक्यावर उलटा केला, दाबून पाणी काढलं आणि वाळवला. बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे काही पत्रांतले अक्षरांचे कण त्या कागदात तसेच राहिले, एखादी वेलांटी, एखादा काना, शब्द मात्र एकही लागत नाही. ती त्या कागदावर आता चित्रं काढते. त्या माणसाचा एक शब्दही कोणाला वाचता येणार नाही हे मला त्यातलं सगळ्यात योग्य वाटतं, कारण पत्रं तिच्याकडे असली तरी त्यातले शब्द त्याचे होते. दुसऱ्याची पत्रं वाचता येतील अशी कोलाजमध्ये लावून प्रदर्शनात टांगणं मला पटत नाही, मग तो माणूस कितीही वाईट वागलेला असो.

तसंच भावंडांना विचारल्याशिवाय आईवडिलांच्या वस्तू कापायच्या नाहीत, हे तर अगदी पहिलं. आपल्याला जो नुसता शर्ट वाटतो तो धाकट्या भावासाठी अजून बाबाच असू शकतो, त्याला वेळ द्यायला हवा. नुकतंच कोणी गेलेलं असताना, सगळं अजून सुन्न असताना हे काम काढू नका, त्या दिवसांत घेतलेले निर्णय आपले नसतात. आणि ज्या आठवणीत मारहाण आहे, छळ आहे, तिचं काही सुंदर करून दाखवायची जबाबदारी कोणावर नाही, अशी वस्तू सरळ कचऱ्यात टाकावी, मागे वळून बघू नये.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी निदान फोटो काढावा. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की जिव्हाळ्याच्या वस्तूंचा आधी फोटो काढायला सांगितलं तर लोक त्या वस्तू जास्त प्रमाणात दान करतात, कारण वस्तू गेली की आठवण आणि आपली ओळखही जाईल ही भीती कमी होते. माझा अनुभव असा की फोटो हे पहिलं पाऊल म्हणून ठीक आहे, पण फोन हासुद्धा एक माळाच आहे, तिथेही सगळं साचतं आणि बघितलं जात नाही. हात लागला पाहिजे, वेळ गेला पाहिजे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय, यातून जी वस्तू तयार होते तीही कायमची सांभाळायची नाही. काही लोक एका शर्टाच्या जागी दहा उशा करून ठेवतात आणि मग त्या उशांना कोणी टेकायचंही नाही, घरात नवीन ओझं. वापरा, कोणाला भेट द्या, लहान मुलांना खेळू द्या. माझा तो भिंतीवरचा तुकडा उन्हाच्या बाजूला आहे, गडद पट्ट्या हळूहळू विटतायत, काही वर्षांत त्याही आकाशी होतील आणि मी त्यांना काच लावणार नाहीये.

आता संपादकांकडे मागणं. घर आवरण्याच्या लेखांच्या शेजारी आठवड्यातून एकदा अर्धा रकाना वाचकांना द्या. ज्यांनी जुन्या वस्तूचं काही केलंय त्यांच्याकडून फोटो मागवा आणि सोबत पाच-सहा ओळी, कोणाची वस्तू, काय ठेवलं, काय जाऊ दिलं. बक्षीस, क्रमांक, परीक्षक यातलं काही नको, त्याने लोक सजवून पाठवायला लागतात. नाव न छापण्याची मुभा ठेवा, कारण कित्येक गोष्टी नावानिशी सांगता येत नाहीत. आणि एक फोटो पुरणार नाही, वस्तू कापायच्या आधी कशी होती तोही फोटो मागवा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापा. सुरुवातीला कोणी पाठवलं नाही तर माझ्याकडचे पाठवते, माझ्या मैत्रिणीनेही तिच्या कागदाचा फोटो द्यायचं कबूल केलंय.

आपली
एक नियमित वाचक